दुसऱ्याची पटकथा आणि आपला कॅमेरा

एप्रिल जवळ आला की आपल्याकडं शॉर्टफिल्मांचं पीक येतं. पाली, नागोठणं, कोलाड, माणगाव, खाली थेट महाडपर्यंत कुठल्याही विहारात जा. जयंतीची भाषणं आटोपली की कुणीतरी चादर ताणतो, कुणीतरी प्रोजेक्टर मागून आणलेला असतो आणि आपल्याच पोरांनी मोबाइलवर काढलेली फिल्म सुरू होते. आयाबाया समोर बसतात, पडद्यावर आपलं घर, आपली विहीर दिसली की कुजबुज होते. ही गोष्ट चांगलीच आहे. पण चांगली आहे म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि गप घरी जायचं, ही काय आपल्या चळवळीची रीत नाही. म्हणून जे वाटतं ते लिहितो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या या फिल्मा आठवायला बसलो तर त्या एकमेकींत मिसळून जातात. बाप मजूर, आई धुणंभांडी करते. पोरगा दिव्याखाली अभ्यास करतो. गावातला एक मिशीवाला त्याला जातीवरून बोलतो. पोरगा रडतो, मागं बासरी वाजते. मग एकदम पाच वर्षं उडी, पोरगा साहेब होऊन गाडीतून उतरतो, मिशीवाला मान खाली घालतो, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर कॅमेरा जाऊन थांबतो. सात मिनिटं. शेवटी नावं येतात आणि कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन, संकलन, प्रमुख भूमिका या सगळ्यांपुढं एकच नाव असतं.

माझं भांडण त्या एकाच नावाशी आहे.

कॅमेरा चालवता आला म्हणजे लिहिताही येतं असं कुणी सांगितलं? पोराच्या हातात मोबाइल येतो तेव्हा तो एकोणीस-वीस वर्षांचा असतो. त्यानं जगलेलं खरं असतं, पण ते कागदावर कसं उतरवायचं याची तालीम त्याला कुणी दिलेली नसते. मग तो काय करतो? टीव्हीवर पाहिलेलं उतरवतो. स्वतःचा अनुभव म्हणून तो जे दाखवतो ते अनेकदा कुठल्या तरी मालिकेतून उसनं आलेलं असतं, आणि ते कुणाकडून उसनं घेतलं हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. त्यापेक्षा उजळ माथ्यानं, नाव घेऊन, विचारून उसनं घ्यावं. आपल्याकडं लिहून ठेवलेलं थोडं नाही. बाबुराव बागूल आहेत, अण्णाभाऊ आहेत, शंकरराव खरात आहेत. गेल्या पन्नास-साठ वर्षांत अशाच हातानं चालवलेल्या अंकांत छापून आलेल्या आणि नंतर कुणी न वाचलेल्या कथा आहेत. त्यातली एक उचला. पटकथा लिहिणारा वेगळा, फिल्म काढणारा वेगळा, असं एकदा करून पाहा.

यावर लगेच उत्तर येतं, ते मला पाठ आहे. ‘आमचा अनुभव आम्हीच मांडणार. दलित साहित्यानं एवढं भांडण केलं ते काय दुसऱ्याच्या शब्दांची वेठ करायला?’ भांडण बरोबर होतं, आजही आहे. पण ते आपल्यावर बाहेरून लिहिणाऱ्यांशी होतं. आपल्यातल्याच एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं उभं करावं याला आपली परंपरा कधीच आडवी आलेली नाही. आंबेडकरी जलसे घ्या. भीमराव कर्डकांपासून गावोगावच्या मंडळांपर्यंत जलसा चालला तो एकानं रचायचं, दहांनी गायचं या हिशेबावर. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी किती गळ्यांतून गेली याची मोजदाद कोण करणार? पण गाणारा कुणीही असो, शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतोच. रचणाऱ्याचं नाव गाण्यातच शिवलेलं असायचं, ते उसवून काढलं तर कडवंच लंगडं पडायचं. छापखाना नाही, करारनामा नाही, तरी लेखकाचं नाव जिवंत ठेवायची ही केवढी हुशारी! सिनेमात ही सोय नाही. तिथं नाव शेवटी येतं, आणि तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात.

नाटकाचंही तेच. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका सत्तरच्या दशकातली. दोन नट, नेपथ्य जवळजवळ शून्य, विषय पाणी. ती कितीएक मंडळांनी, किती भाषांत केली. करणाऱ्या कुणालाही आपण दुसऱ्याचं करतोय म्हणून कमीपणा वाटला नाही. कमी पैशात काय करता येतं याचा तो धडा आहे, आणि तो धडा लेखकानं आधीच कागदावर गिरवून ठेवला होता. हे आपल्या पोरांच्या ध्यानात येत नाही: स्वस्त फिल्म कॅमेऱ्यानं स्वस्त होत नाही, पटकथेनं होते. पटकथेत कलेक्टरची गाडी लिहिली की गाडी आणावी लागते.

आता एका फिल्मकडं जरा थांबून पाहू. आपल्या पोरांनी ती पाहिलेली नसते म्हणून. सत्यजित राय यांची ‘सद्गती’, १९८१ सालची, दूरदर्शनसाठी केलेली, तासाभराच्या आतली. कथा प्रेमचंदांची, साधारण १९३०-३१ ची. संवादाच्या कामात प्रेमचंदांचे चिरंजीव अमृतराय होते, म्हणजे लेखक हयात नसला तरी त्याच्या घराला विचारून, सोबत घेऊन काम झालं. राय काय गरीब दिग्दर्शक नव्हते, दूरदर्शनचा पैसा होता, ओम पुरी आणि स्मिता पाटील होते. पण पटकथा बघा, आपल्याला परवडेल अशी आहे. एक झोपडी, एका पंडिताचं अंगण, एक ओंडका, एक कुऱ्हाड. दुखी चांभार पोरीच्या साखरपुड्याचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताकडं जातो, सोबत गवताचा भारा भेट म्हणून नेतो. पंडित त्याला अंगण झाडायला लावतो, भुसा वाहायला लावतो, मग ओंडका फोडायला लावतो. पोटात अन्न नाही. ओंडका फुटत नाही. दुखी मरतो. प्रेत पंडिताच्या दारात. वस्तीतले लोक उचलायला येत नाहीत. शेवटी पंडित स्वतः, हात न लावता, पायाला दोर बांधून प्रेत ओढत नेतो, मेलेली जनावरं टाकतात तिथं टाकून येतो आणि गंगाजल शिंपडतो.

एवढंच. बासरी नाही, भाषण नाही, मिशीवाला नाही. पंडित आरडाओरडाही करत नाही, जेवून वामकुक्षी घेतो. क्रूरपणा दाखवायला क्रूर चेहरा लागत नाही हे आपल्या पोरांनी इथं शिकावं. ओंडका पडद्यावर इतका वेळ राहतो की पाहणाऱ्याच्या खांद्याला कळ लागते. दुसऱ्याच्या कथेवर इमान ठेवून केलेलं काम म्हणजे काय, ते हे.

पण मी ही फिल्म आंबेडकरी माणूस म्हणून पाहतो, आणि तिथं माझं रायसाहेबांशीही भांडण होतं. कथेत एकच जागा अशी आहे की जिथं माणसं ‘नाही’ म्हणतात. गोंड वस्तीत जाऊन सांगतो, प्रेत उचलू नका, पोलीस येतील. आणि वस्ती उचलत नाही. सबंध कथेतला हा एकमेव सामुदायिक नकार. फिल्ममध्ये तो येतो आणि चटकन जातो. कॅमेरा परत पंडिताच्या घराकडं वळतो, आता हा काय करणार म्हणून. त्या रात्री वस्तीत काय झालं? कोण म्हणालं जाऊ, कोण म्हणालं नको? झुरियाकडं बायका कोणत्या तोंडानं गेल्या? हे कॅमेऱ्याला बघायचंच नव्हतं.

आणि तारखा जुळवून पाहा. प्रेमचंद ही कथा लिहीत होते त्याआधी, मार्च १९२७ मध्ये, आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला परिषद झाली होती. मेलेलं ओढू नका, मेलेलं खाऊ नका, असं बाबासाहेब लोकांना सांगत होते. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं होतं. डिसेंबरात मनुस्मृती जळाली होती. १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला होता. म्हणजे दुखी ओंडक्याशी मरत होता त्या काळात दुसरीकडं हजारो दुखींनी कुऱ्हाड खाली ठेवली होती. प्रेमचंदांनी हे कथेत घालायला हवं होतं असं मी म्हणत नाही. लेखक आपल्या गावचं लिहितो. पण १९८१ साली कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हरकत नव्हती.

म्हणून सांगतो, हीच कथा, एक शब्द न बदलता, आपल्यातल्या कुणी केली तर ती वेगळी फिल्म होईल. संवाद तेच, ओंडका तोच. फक्त त्या रात्री कॅमेरा वस्तीत राहील. पटकथा दुसऱ्याची असली तरी कॅमेरा कुठं उभा करायचा आणि किती वेळ, हे पटकथेत लिहिलेलं नसतं. तिथं दिग्दर्शकाची जात, वर्ग, विचार सगळं उघडं पडतं.

जाता जाता एक गंमत. ‘सद्गती’तला पंडित घासीराम म्हणजे मोहन आगाशे आणि झुरिया म्हणजे स्मिता पाटील. चारच वर्षांपूर्वी, १९७७ ला, हीच दोघं जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर झाली होती, नाग्या आणि चिंधी. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत, आणि गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरांची. गाणी कुणाला आवडत नाहीत? मलाही आवडतात. पण सुधागडच्या कुठल्याही ठाकूरवाडीत चार दिवस राहून आलेल्या माणसाला तो चित्रपट बघताना ढोल ऐकू येतो, सातबारा दिसत नाही. ठाकराची गोष्ट लिहिली दुसऱ्यानं, पडद्यावर आणली तिसऱ्यानं, सोंग वठवलं चौथ्यानं. अभिनय उत्तमच. पण ठाकर कुठं होता?

हा प्रश्न आता आपल्यावर उलटतो, आणि इथं मला खरं बोलायचं आहे. आपली पोरं आताशा कातकरी वाड्यांवर फिल्मा काढायला लागली आहेत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात, घरं बंद होतात, पोरांची शाळा सुटते. विषय जळजळीत आहे, करायलाच हवा. पण पटकथा कशी तयार होते? पोरगं वाडीवर जातं, एखादी बाई भट्टीवरची हकिकत सांगते. उचल किती घेतली, फिटली का, पावसात परत कसं आलो, सगळं सांगते. पोरगं ते मोबाइलवर घेतं, घरी येऊन लिहितं आणि वर ‘कथा-पटकथा’ म्हणून स्वतःचं नाव घालतं. त्या बाईला लिहिता येत नाही म्हणून ती लेखिका नाही? पुण्यामुंबईचे लोक आपल्या आज्यांच्या ओव्या टिपून न्यायचे आणि पुस्तकावर आपली नावं घालायचे तेव्हा आपण काय म्हणत होतो? वाडीवर आपण कॅमेरावाले, आपण बाहेरचे. तिथं आपणच पांढरपेशे. आणि तिच्या तोंडी घातलेली भाषा बघा, सगळी शाळेच्या पुस्तकातली. कातकऱ्यांची बोली वेगळी आहे, ती पालीच्या बाजारातही कानावर पडते, पण पडद्यावर कातकरीण प्रमाण मराठीत दुःख सांगते आणि फक्त शेवटी ‘नाय’ म्हणते म्हणून बोलीभाषा झाली! पटकथा तिच्यासमोर वाचून दाखवा. ती हसली तर ते वाक्य खोडा. नावांत तिचं नाव पहिलं घाला, तिला हवं असेल तर. आणि तिला ते नको असेल, मुकादमाची भीती असेल, तर तेही पाळा.

लेखकाचं नाव आणि त्याचं पोट या गोष्टी आपण हलक्या घेतो म्हणून अण्णाभाऊंची आठवण काढतो. त्यांच्या सातेक कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. ‘वैजयंता’ १९६१ ला, ‘फकिरा’ १९६३ ला, ‘वारणेचा वाघ’ १९७० ला. ‘आवडी’ पडद्यावर आली तेव्हा ‘टिळा लावते मी रक्ताचा’ झाली, ‘माकडीचा माळ’ची ‘डोंगरची मैना’ झाली. नावं बदलली यावरूनच कळतं बाजाराला त्यातलं काय हवं होतं. माकडीचा माळ म्हटलं की भटक्यांची पालं दिसतात. मैना म्हटलं की तिकीटबारी दिसते. आणि ज्या माणसाच्या लिखाणावर एवढे चित्रपट उभे राहिले तो १८ जुलै १९६९ ला गोरेगावच्या सिद्धार्थनगरात गरिबीत गेला. आपण कमी पैशात फिल्म काढतो तेव्हा ‘पैसेच नाहीत तर लेखकाला काय देणार’ असं म्हणतो. कॅमेऱ्याच्या भाड्याला पैसे असतात, वडापावला असतात, बॅनरला असतात. लेखकालाच नसतात. एका ओळखीच्या लेखकाची कथा परजिल्ह्यातल्या एका गटानं न विचारता केली. त्याला कळलं ते बक्षीस मिळाल्यावर, तेही दुसऱ्याच्या तोंडून. तो म्हणाला, पैसे राहू दे, बोलवायचं तरी होतं. मला ते वाक्य अजून टोचतं.

कायदाही समजून घ्या, तो बाबासाहेबांच्या लेकरांना कठीण जाऊ नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क राहतो. म्हणजे अण्णाभाऊंचं हयातीत छापलेलं लिखाण २०२९ संपेपर्यंत आणि बागुलांचं (ते २००८ ला गेले) २०६८ संपेपर्यंत विचारल्याशिवाय घेता येत नाही. प्रेमचंद केव्हाच मोकळे झाले. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लिखाण २०१७ पासून मोकळं आहे. हक्क घेताना तोंडी चालत नाही, लेखी आणि सहीचं लागतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि घेतलेला हक्क एक वर्ष वापरला नाही तर, कागदावर वेगळं ठरलेलं नसेल तर, तो लेखकाकडं परत जातो. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक झालं: चित्रपटगृहाबाहेर फिल्म वापरली गेली तर त्या कमाईतला कथा-गीत लिहिणाऱ्याचा वाटा त्याच्याकडून लिहूनसुद्धा काढून घेता येत नाही. हे सगळं एका साध्या पानावर मावतं. ते पान लिहायला वकील लागत नाही, लाज लागते.

कुणी म्हणेल, नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ स्वतः लिहिली, स्वतः केली, पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार घेतला. मग आम्हाला का अडवता? अडवत नाही. पण मंजुळे कवी होते, कॅमेऱ्याआधी त्यांच्या हाताला शब्दांची सवय होती. ‘पिस्तुल्या’त शाळेची ओढ असलेलं पोर आहे आणि ते साहेब होऊन गाडीतून उतरत नाही, हे विसरू नका. ज्याच्याकडं असं लिहिणं आहे त्यानं जरूर लिहावं. बाकीच्यांनी बागूल वाचावे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (संग्रह १९६३ चा) करायची झाली तर पोरं आधी मारहाण चित्रित करतील, लाल रंग आणतील. त्या कथेतला खरा थरार मार पडण्याआधीचा आहे. भाड्याच्या घरात जात लपवून राहणाऱ्या माणसाला प्रत्येक हाकेची वाटणारी धास्ती. त्याला एक खोली पुरते आणि एक दार. दारावर थाप पडते आणि कॅमेरा दाराकडं न बघता त्याच्या हातातल्या तांब्याकडं बघतो. हे फुकट आहे.

आवाजाबद्दल दोन शब्द, कारण इथं आपल्या सगळ्या फिल्मा मार खातात. चित्र आजकाल कुठलाही मोबाइल बरं काढतो, आवाज काढत नाही. पालीत चित्रीकरण करायचं म्हणजे देवळाची घंटा, संकष्टीला अष्टविनायकाच्या गाड्यांचे हॉर्न, स्टँडवरची एस्टी, जूननंतर पत्र्यावरचा पाऊस. बोलणाऱ्याच्या कॉलरखाली दुसरा मोबाइल दडवा, त्यावर वेगळा आवाज घ्या, टाळी वाजवून दोन्ही जुळवा. बासरी मात्र कुणाकडूनही आणू नका.

मग करायचं काय? एक सुचवतो. महाडजवळच्या दासगावचे कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–१९७२), महाडच्या १९२७ च्या परिषदेमागची धावपळ करणाऱ्यांतले एक, नंतरचे कम्युनिस्ट. आपल्यातले काही त्यांना नंतरच्या वाटेमुळं वाचत नाहीत. तो करंटेपणा आहे. त्यांच्या आठवणींत लहानपणची एक हकिकत आहे. महाडच्या इंग्रजी शाळेनं जातीमुळं प्रवेश नाकारला तेव्हा त्या पोरानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. रडला असेलही, पण पत्र लिहिलं. यात सगळं आहे आणि जवळजवळ काहीच लागत नाही. एक पोरगा, टाक-दौत, कागद, चिमणीचा उजेड, टपालपेटीपर्यंतची वाट. त्यांचं लिखाण अजून वारसांचं आहे, तेव्हा फिल्मच्या आधी आपल्यालाही एक पत्रच लिहावं लागेल. ते कोण लिहितो सांगा, पत्ता मिळवायचं काम माझं.